आंब्याच्या पेट्या आणि १८३० : नोटाम कसा वाचावा

प्रश्न विचारणारा मुलगा मूळचा साताऱ्याकडचा. सहा महिन्यांपूर्वी फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झालाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "सर, उड्डाणाआधी ब्रीफिंगचे कागद हातात आले की डोकं गरगरतं. नुसती रोमन मोठी अक्षरं आणि मधेमधे आकडे. शंभरेक संक्षेप पाठ केले, तरी रोज काहीतरी नवं निघतंच. अ‍ॅप सगळं उलगडून दाखवतं, मग हे शिकायचं तरी कशाला? आणि पुण्याजवळच्या एका क्रेनबद्दल खालचा नोटाम आहे, त्याचा नेमका अर्थ काय?" नोटाम म्हणजे विमानतळावर किंवा वाटेत काय बंद आहे, काय बदललंय, कुठं धोका आहे, याची वैमानिकांसाठी काढलेली सूचना. क्रेनकडे शेवटी येतो. आधीचं थोडं लांबेल.

मी वैमानिक नाही. मी फ्लाइट डिस्पॅचर, चोवीस वर्षं हेच काम केलं. वैमानिक विमानापाशी पोहोचण्याआधी कुठल्या मार्गाने जायचं, इंधन किती, पर्यायी विमानतळ कोणता, वाटेत काय बंद आहे, हे कागदावर मांडणारा माणूस. नोटामांचा ढीग पहिल्यांदा आमच्याच टेबलावर येतो.

आधी माझीच एक फजिती सांगतो. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, मे महिना. एका शहराचा मुख्य रनवे दुरुस्तीसाठी बंद राहणार होता. वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं, रोज १८३० ते २३३०. आमचं विमान तिथं संध्याकाळी आठला उतरायचं. मी हिशेब केला : साडेसहा ते साडेअकरा बंद, म्हणजे दुसऱ्या, आखूड रनवेवर उतरणं आलं. आखूड रनवे म्हणजे उतरतानाचं वजन कमी पाहिजे. वजन कमी करायचं म्हणून माल उतरवला, आणि माल होता हापूसच्या पेट्या. त्या रात्री कॅप्टनचा निरोप आला, "मुख्य रनवेवर दिवाळीसारखे दिवे लागले होते, आम्ही त्यावरच उतरलो. तुझ्या पेट्या कुठायत?"

१८३० ही वेळ यूटीसीची होती, म्हणजे जगभरच्या विमानवाहतुकीच्या एकाच सामायिक घड्याळाची. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रनवे बंद होणार होता मध्यरात्री बारा ते पहाटे पाच. मला एकूण एक संक्षेप पाठ होता आणि त्या नोटाममधला प्रत्येक शब्द मी बरोबर वाचला होता. चुकलं ते फक्त घड्याळ. पुढच्या वीसेक वर्षांत माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका याच जातीच्या होत्या. संक्षेप न कळल्यामुळे झालेली चूक विरळा. वेळ, मुदत, उंची आणि 'हे मला लागू आहे का' यांतच माणसं घसरतात.

म्हणून अक्षरांची भीती आधी काढून टाका. जुन्या पत्राच्या मथळ्यावर 'सा.न.वि.वि.' असतं. तुमच्या आजोबांनी ते कधी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असं फोडून वाचलं असेल का? डोळा पडला की पुढं. नोटामही तसाच डोळ्याखालून जायला लागतो, आणि त्याला महिना पुरतो. सीएलएसडी म्हणजे बंद. यू/एस म्हणजे नादुरुस्त (अमेरिकेशी संबंध नाही). एव्हीबीएल म्हणजे उपलब्ध, डब्ल्यूआयपी म्हणजे काम चालू, टीडब्ल्यूवाय म्हणजे टॅक्सीवे (विमानांची रनवेकडे जायची वाट). एचजे म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, एचएन म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय, आणि एच२४ म्हणजे अहोरात्र. रोज लागणारे असे साठ-सत्तर शब्द असतील. उरलेले आले की बघायचे.

भाषा अशी तुटक का? कारण ती तारेची आहे. आपली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण विमानवाहतुकीचे संदेश टेलिप्रिंटरच्या जाळ्यासाठी घडले आणि तो साचा अजून टिकून आहे. त्या यंत्रांना लहान लिपीतली अक्षरं येत नसत, एका ओळीत ६९ च खुणा मावत. मग लोकांनी स्वर गाळले, शब्द कापले. नोटामची पद्धत १९४७ पासूनची, खलाशांना दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या धर्तीवर बेतलेली. क्यूने सुरू होणारे संकेत तर त्याहून जुने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवरच्या बिनतारी संदेशांसाठी ठरलेले. क्यूएनएच आणि क्यूएफई, म्हणजे अल्टिमीटरला (उंचीमापकाला) लावायचे हवेच्या दाबाचे आकडे, तुम्ही रोज वापरता, ते त्याच कुळातले. क्यूएनएच लावलं की पुण्याच्या रनवेवर उभं असताना अल्टिमीटर साधारण १,९०० फूट दाखवेल, क्यूएफई लावलं तर शून्य. स्कूलमध्ये या अक्षरांचे लांबलचक इंग्रजी विस्तार शिकवतात, तेही लक्षात ठेवायला बरे. पण ते मागाहून जुळवलेले आहेत. मूळ संकेतांना विस्तार नव्हताच.

आता नोटामचा सांगाडा. मुंबईत दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही रनवे एक दिवस सहा तास बंद ठेवून देखभाल करतात. ९ मे २०२४ ला सकाळी ११ ते संध्याकाळी ५ असे ते बंद होते. त्यावरून मी एक नमुना लिहितो. वेळा खऱ्या, बाकी मांडणी माझी. कागदावर हे रोमन लिपीत असतं, इथं उच्चारानुसार लिहितोय :

क्यू) व्हीएबीएफ/क्यूएमआरएलसी/आयव्ही/एनबीओ/ए/०००/९९९/१९०५एन०७२५२ई००५
ए) व्हीएबीबी
बी) २४०५०९०५३०
सी) २४०५०९११३०
ई) आरडब्ल्यूवाय ०९/२७ अँड १४/३२ सीएलएसडी ड्यू मेंट

क्यूची ओळ बघून विद्यार्थी पान उलटतात. खरं तर ती गाळणी आहे. ढीग चाळायला संगणक तीच वापरतो, माणसालाही वापरता येते. व्हीएबीएफ म्हणजे मुंबईचं हवाई माहिती क्षेत्र. देशात अशी मुख्य क्षेत्रं चार : मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. खाली ए) मध्ये व्हीएबीबी आहे, तो मुंबई विमानतळ. पहिल्या 'व्ही'वरून जगाचा हा भाग कळतो, दुसऱ्या 'ए'वरून पश्चिम भारत. पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी, कोल्हापूर व्हीएकेपी. गोव्यात मात्र जपा. दाबोळी व्हीओजीओ आणि मोपा व्हीओजीए, शेवटच्या एकाच अक्षराचा फरक. मोपा सुरू झाल्यानंतर घाईत एकाचे नोटाम दुसऱ्याचे समजून वाचलेले मी पाहिलेत.

क्यूएमआरएलसी हा पाच अक्षरी संकेत म्हणजे सगळ्या नोटामचं सार. पहिला क्यू नुसता मान. दुसरं-तिसरं अक्षर विषय सांगतं, चौथं-पाचवं त्याची अवस्था. एमआर म्हणजे रनवे, एलसी म्हणजे बंद. एमएक्स असेल तर टॅक्सीवे, ओबी असेल तर अडथळा, ओएल असेल तर अडथळ्यावरचे दिवे. एएस म्हणजे नादुरुस्त, सीई म्हणजे उभारलेला. मग क्यूओबीसीई दिसलं की इंग्रजी मजकुराआधीच कळतं, कुणीतरी काहीतरी उंच उभं केलंय. क्यूएफएएचएक्स म्हणजे विमानतळावर पक्ष्यांचे थवे, आणि हा संकेत आपल्याकडे पावसाळ्यात नवा नाही.

पुढं आयव्ही म्हणजे यंत्रांच्या भरवशावर उडणारे आणि नजरेने उडणारे, दोघांनाही लागू. एकटा ए म्हणजे विमानतळापुरतं, ई असेल तर मार्गावर, डब्ल्यू असेल तर धोक्याचा इशारा. शेवटी मुंबईचे अक्षांश-रेखांश आणि पाच नॉटिकल मैलांची त्रिज्या.

मग वेळा. २४०५०९०५३० : साल २४, महिना ०५, तारीख ०९, वेळ ०५३०. साडेपाच तास मिळवा, सकाळचे ११. इथं शेवटी यूटीसीची खूण असलेला 'झेड' लिहिलेला नसतो, नोटाममध्ये यूटीसी गृहीतच असते. माझ्या पेट्या तिथंच राहिल्या. यूटीसीचे १८३० उलटले की आपली तारीखही बदलते, हे दुसरं भगदाड. नोटाममध्ये १४ तारखेचे २००० लिहिले असतील तर तुमच्या भिंतीवर १५ तारखेची पहाटेची दीड वाजलेली असते. २०२५ च्या एप्रिलपासून भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं आणि दर महिन्याला मुदत वाढत गेली. प्रत्येक बातमीत यायचं, 'अमुक महिन्याच्या २४ तारखेला पहाटे ५:२९ पर्यंत'. ही ५:२९ कुठली विचित्र वेळ, असं मला चार जणांनी तरी विचारलं असेल. आदल्या तारखेचे यूटीसीचे २३५९, दुसरं काही नाही.

मी नव्या मुलांना एक सवय लावायचो. छापील कागदावर प्रत्येक यूटीसी वेळेशेजारी पेन्सिलीने आपली वेळ आणि वार लिहायचा. वारही. 'गुरुवार ११ ते ५' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं की मेंदू ते खरं मानतो.

मुदतीच्या रकान्यात, म्हणजे सी) मध्ये, कधी पीईआरएम येतं, म्हणजे कायमचं. पण डोळे उघडे ठेवायचे ते ईएसटीसाठी. अंदाजे. वेळेनंतर ही तीन अक्षरं असतील तर ती वेळ उलटल्यावर नोटाम आपोआप मरत नाही. दुसऱ्या नोटामने तो बदलावा लागतो किंवा रद्द करावा लागतो. नोटामच्या क्रमांकाशेजारी एन असेल तर नवा, आर असेल तर जुन्याच्या जागी आलेला, सी असेल तर जुना रद्द. आर दिसला की जुना काढून दोन्ही शेजारी ठेवा आणि काय बदललं ते शोधा. बऱ्याचदा फक्त तारीख बदललेली असते. कधीकधी तारखेबरोबर एक आकडाही गुपचूप बदललेला असतो.

उंचीचं उदाहरण दुःखद आहे, पण सांगायलाच हवं. १४ जुलै २०१४ ला युक्रेनने आपल्या पूर्व भागावरचं आकाश फ्लाइट लेव्हल ३२० च्या खाली बंद केलं. म्हणजे साधारण ३२,००० फूट. त्याच्या वर वाहतूक सुरू राहिली. १७ जुलैला मलेशिया एअरलाइन्सचं एमएच१७ तिथून फ्लाइट लेव्हल ३३० वरून जात होतं, नियमाप्रमाणे, मर्यादेच्या हजार फूट वर. जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने ते पाडलं. २९८ माणसं गेली. नोटाममध्ये आकडा होता. त्या आकड्याच्या पुष्कळ वर पोहोचणारं शस्त्र खाली तैनात आहे, हे त्यात नव्हतं. तेव्हापासून मार्गावरच्या नोटाममध्ये एफ) आणि जी) हे खालच्या-वरच्या मर्यादेचे रकाने दिसले की मी थांबतो आणि विचारतो, ही मर्यादा इथंच का आखली असेल? उत्तर मिळालं नाही तर मार्ग बदलायचा. इंधन थोडं जास्त जळतं, एवढंच.

तुमचा अ‍ॅपचा मुद्दा. अ‍ॅप वापरा, मीही वापरतो. पण उलगडलेला नोटाम लांब होतो, आणि तुमची अडचण आधीच लांबीची आहे. ७ जुलै २०१७ ला सॅन फ्रान्सिस्कोत एअर कॅनडाचं एक विमान रात्री रनवेऐवजी शेजारच्या टॅक्सीवेवर उतरायला निघालं. तिथं चार विमानं रांगेत उभी होती. साधारण ६० फुटांपर्यंत खाली येऊन ते कसंबसं वर गेलं. दोन समांतर रनवेंपैकी डावा त्या रात्री बंद होता, त्याचे दिवे विझवलेले होते. वैमानिकांच्या मनात मात्र दोन रनवेंचं चित्र होतं, म्हणून त्यांनी उजव्याला डावा धरलं आणि टॅक्सीवेला उजवा. रनवे बंद असल्याचा नोटाम त्यांच्या कागदांत होता. २७ पानांपैकी आठव्या पानावर. अमेरिकेच्या चौकशी मंडळाच्या अध्यक्षांनी सुनावणीत नोटामांना चक्क कचरा म्हटलं, आणि माझ्या धंद्यातल्या कुणालाही त्याचा राग आला नाही. गवत कापणी चालू, दूरच्या टॅक्सीवेचा दिवा बंद आणि रनवे बंद, सगळं एकाच ठशात, एकाच आवाजात छापलेलं असतं. अ‍ॅप त्याचं सुंदर भाषांतर करून देईल, पण आठव्या पानावरचं पहिल्या पानावर आणणं तुमचं काम. त्यासाठीच कच्चं वाचता यायला हवं. ज्याला वाचता येतं तो २७ पानं दहा मिनिटांत चाळतो. आधी जायचं ठिकाण, मग पर्यायी विमानतळ, मग मार्ग. प्रत्येक ठिकाणी क्यूच्या पाच अक्षरांवर नजर, त्यात एमआर, एफए आणि आयएलएसचे (कमी दृश्यतेत उतरायला वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचे) संकेत आधी. बाकीचं नंतर, वेळ उरला तर.

हवामानाच्या कागदाचं थोडक्यात, कारण मेटार, म्हणजे विमानतळावरच्या हवामानाचा अहवाल, नोटामपेक्षा सोपा असतो. त्याचा क्रम कधी बदलत नाही. जुलैतला मुंबईचा एक नमुना घ्या :

व्हीएबीबी २०१२३०झेड २४०१६केटी १५०० आरए एससीटी००८ बीकेएन०१५ एफईडब्ल्यू०२५सीबी ओव्हीसी०८० २६/२५ क्यू१००२ टेंपो ०८०० +आरए

२० तारीख, १२३० यूटीसी, म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. इथं सुरुवातीला तारीख आहे, साल-महिना नाही. नोटाम आणि मेटार यांची तारीख लिहायची रीत वेगळी, हेही एक खाचखळगं. वारा २४० अंशांवरून १६ नॉट. रनवे २७ ला तो ३० अंश तिरका, म्हणून आडवा वारा निम्मा, आठ नॉट. एवढं तोंडी यायला हवं. (मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेपासून मोजतात आणि टॉवर सांगतो तो चुंबकीय उत्तरेपासून. मुंबईत दोन्हींतला फरक नगण्य, पण पुढं परदेशात उडाल तेव्हा आठवा.) दृश्यता १,५०० मीटर, पाऊस. ढगांची छत म्हणजे सर्वांत खालचा बीकेएन (बहुतेक आकाश झाकणारा) किंवा ओव्हीसी (पूर्ण झाकणारा) थर, इथं १,५०० फूट. त्याखाली ८०० फुटांवर एससीटी (विखुरलेला) आहे, तो छत नव्हे. सीबी ही दोन अक्षरं दिसली की बाकी सगळं विसरून आधी त्यांचा विचार करायचा. तो गडगडाटी ढग, 'एफईडब्ल्यू' म्हणजे थोडाच असला तरी. तापमान आणि दवबिंदू २६ आणि २५, हवा पाण्याने तुडुंब. टेंपोनंतरचं ते तात्पुरतं : मधूनमधून जोराचा पाऊस, दृश्यता ८०० मीटर.

बीआर म्हणजे विरळ धुकं आणि एफयू म्हणजे धूर, हे इंग्रजीत बसवत बसू नका. दोन्ही फ्रेंच शब्दांचे तुकडे आहेत, गारांचा जीआरही तसाच.

आणि बंगालच्या उपसागरातल्या क्षेपणास्त्र चाचणीच्या नोटामांचे नकाशे, जे हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात : तुमच्या वर्गातली मुलं त्यावरून पल्ला मोजत बसतात म्हणे. सराव म्हणून छान. अक्षांश-रेखांश नकाशावर मांडायला हात बसतो. पण नोटाम म्हणजे इतकंच की त्या वेळात तिकडं फिरकू नका. क्षेपणास्त्र सुटेलच असं नाही, कधी नोटाम आदल्या दिवशी मागेही घेतला जातो.

आता तुमची क्रेन. मजकूर असा : क्रेन उभारलेली, उंची ६० मीटर एजीएल, ओबीएसटी एलजीटी यू/एस, आणि मुदतीच्या रकान्यात परवाची तारीख, पुढं ईएसटी.

एजीएल म्हणजे जमिनीपासून. ६० मीटर म्हणजे जवळपास २०० फूट. तुमचा अल्टिमीटर क्यूएनएचवर असेल तर त्याला जमिनीची उंची माहीत नाही, ती तुम्हीच मिळवायची. जमीन विमानतळाएवढीच धरली तर क्रेनचं टोक तुमच्या काट्यावर २,१०० फुटांच्या आसपास येतं. नोटाममध्ये एएमएसएलचा, म्हणजे समुद्रसपाटीपासूनचा, आकडाही दिला असेल, तर हा हिशेब त्याच्याशी ताडून पाहा आणि जुळला नाही तर उड्डाणाआधीच विचारा. तिच्यावरचा दिवा बंद आहे. दिवसा स्वच्छ हवेत ती दिसेल, सकाळच्या धुरकटात दिसेलच असं मी म्हणणार नाही. आणि परवाची तारीख उलटून गेली म्हणून तुम्ही तो नोटाम खोडलात, असं तुमच्या फोटोत दिसतंय. ती रेघ पुसा. ईएसटी आहे, रद्द केल्याचा नोटाम आलेला नाही, म्हणजे क्रेन तिथंच आहे. शनिवारी निघण्याआधी ब्रीफिंगच्या खोलीत फोन करून त्या क्रमांकाचं पुढं काय झालं ते विचारा. कोण बोललं आणि किती वाजता, ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आपल्या वेळेत.